जुना कॉम्प्युटर ‘झिजून’ स्लो होतो का?

“पाच-सात वर्षांत प्रोसेसर झिजतो, कॉम्प्युटर मंदावतो, भंगारात द्या,” असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मंदावलेलं मशीन समोर दिसतं, म्हणून तो पटतोही. पण कारण वेगळं आहे.

प्रोसेसर वापरून हळू होत नाही. २०१२ सालच्या मशीनमध्ये बहुधा २ किंवा ४ जीबी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) असते, विंडोज ११ ला मात्र किमान ४ जीबी लागते. नवे ब्राउझरही बरीच रॅम खातात. रॅम भरली की कॉम्प्युटर हार्ड डिस्कचा आधार घेतो, आणि फिरणारी डिस्क रॅमच्या मानाने फारच सावकाश चालते. आपल्या सोलापुरात आणखी एक गोष्ट: यंत्रमागाच्या कारखान्यात सुताची धूळ पंख्यात अडकते, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. पंखा साफ केला की वेग परततो!

खात्री स्वतः करा. विंडोजऐवजी चालणारी, कमी रॅममध्ये भागवणारी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, फुकट मिळते. ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा आणि मशीन त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ करताना डिस्कवरच्या फायलींना धक्का लागत नाही. वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग तपासा. मशीनचा प्रोसेसर मात्र ६४-बिट प्रकारचा हवा, जुन्या ३२-बिट प्रोसेसरवर हे चालणार नाही.

हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर विंडोज काढायची घाई करू नका. इन्स्टॉल करायचंच ठरलं, तर आधी फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा.