मिताचार

मिताचार म्हणजे बोलणे, खाणेपिणे, झोप, खर्च, श्रम आणि करमणूक यांत प्रत्येकाचे योग्य माप ओळखून त्या मापात राहण्याची वृत्ती आणि तिचा रोजचा सराव. ‘मित’ हे ‘मा’ म्हणजे मोजणे या संस्कृत धातूपासून झालेले रूप असून मात्रा, मान, प्रमाण, परिमाण हे शब्द त्याच कुळातले आहेत. त्यामुळे या कल्पनेच्या मुळाशी कमी करणे नसून मोजणे आहे. चार भाकऱ्यांची भूक असलेल्याने दोनच खाणे हा मिताचार नव्हे, आणि पाचवी खाणे हाही नव्हे. निग्रहात इच्छेला अडवायचे असते, वैराग्यात ती गळून पडलेली असते. मिताचारात इच्छा राहते, फक्त तिला माप लागते.

बोलीभाषेत हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तेथे बेताने, बेतशीर, माफक, मोजके, आटोपशीर, नेमस्त असे शब्द चालतात आणि ‘अति तेथे माती’, ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ या म्हणी तोच विचार सांगतात. या शब्दांपैकी काहींची घसरण मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. ‘परिस्थिती बेताची’ म्हटले की गरिबी समजायची आणि ‘बुद्धी बेताची’ म्हटले की तिचा अभाव. गुणाचे नाव उणीव झाकायला वापरले गेले, की त्या गुणाकडे संशयाने पाहिले जाते, आणि मिताचाराच्या वाट्याला हा संशय पुढे अनेकदा आला आहे.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात (श्लोक 16 व 17) अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि सदा जागणाऱ्याला योग साधत नाही, असे म्हटले आहे. युक्त आहार, युक्त विहार, युक्त निद्रा हा तेथील उपाय. चरकसंहितेने ‘मात्रेने खावे’ असे सांगताना ही मात्रा सर्वांना एक नसून ज्याच्या त्याच्या पचनशक्तीवर ठरते, अशी महत्त्वाची पुस्ती जोडली. हठयोगप्रदीपिकेत पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून जेवणे म्हणजे मिताहार. बौद्धांचा मध्यम मार्ग, जैनांचे ऊनोदरी तप (भुकेपेक्षा थोडे कमी खाणे) आणि भाषासमिती (बोलण्यातली सावधगिरी) हे याच दिशेचे विचार होत. व्याकरणकारांनी तर सूत्रात अर्धी मात्रा, म्हणजे ऱ्हस्व स्वराच्या उच्चाराचा निम्मा वेळ, वाचवता आली तरी पुत्रजन्माइतका आनंद मानावा, असे वचनच रूढ केले. ते ज्या परिभाषेन्दुशेखर ग्रंथात येते, त्याचे संपादन व इंग्रजी भाषांतर एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक कीलहॉर्न यांनी केले. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराच्या टीकेचे नाव ‘मिताक्षरा’ असे आहे. मोजक्या अक्षरांची म्हणवणारी ही टीका प्रत्यक्षात चांगली विस्तृत आहे.

मराठीत या विचाराला सर्वांत नेमके रूप ज्ञानेश्वरीत (शके 1212, इ. स. 1290) मिळाले. सहाव्या अध्यायात गीतेचा ‘युक्त’ हा शब्द उलगडताना ज्ञानेश्वर मोजक्या शब्दांत बोलावे, मोजक्या पावलांनी चालावे आणि झोपेलाही वेळेवर मान द्यावा, असे सांगतात. झोपेला मान देण्याची ही भाषा निग्रहाची नाही. तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना ते अहिंसकाचे चालणे, पाहणे आणि बोलणे वर्णितात. त्याच्या बोलण्यात आधी कृपा उतरते आणि शब्द मागून येतो. त्या शब्दांना त्यांनी चार विशेषणे लावली आहेत : ‘साच आणि मवाळ, मितुले आणि रसाळ’. मितुलेपण येथे एकटे आलेले नाही. शब्द कमी असून खोटे असतील, खरे असून बोचरे असतील किंवा मऊ असून नीरस असतील, तर ते या कसोटीला उतरत नाहीत. वाणीच्या मिताचाराची एवढी पूर्ण व्याख्या मराठीत दुसरी सापडणे कठीण आहे. खर्चाच्या बाबतीत तसाच तोल तुकारामांच्या ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी’ या ओळीत दिसतो. तेथे धन जोडण्याला मनाई नाही. ते सरळ मार्गाने यावे आणि खर्च करताना त्यात जीव अडकू नये, एवढेच मागणे आहे.

आळंदी आणि देहू ज्या पुण्याच्या अंगणात आहेत, त्या पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिताचार हा राजकीय वादाचा विषय झाला. 1895 मध्ये सार्वजनिक सभा या पुण्यातील राजकीय संस्थेवर टिळकपक्षाचे वर्चस्व आल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासह 1896 मध्ये डेक्कन सभा स्थापन केली. तिच्या उद्देशपत्रात उदारमतवाद आणि नेमस्तपणा हे दोन ध्येयशब्द होते, आणि नेमस्तपणाचा अर्थही सांगितला होता : अशक्याची किंवा फार दूरच्या ध्येयाची व्यर्थ आस न धरता रोज पुढचे एक पाऊल टाकणे. विरोधकांनी या पक्षाला ‘मवाळ’ म्हटले आणि स्वतःकडे ‘जहाल’ हे नाव घेतले. ज्ञानेश्वरीत स्तुतीचा असलेला शब्द सहाशे वर्षांनी पुण्यात टोमणा होऊन बसला. 1907 मध्ये सुरतेच्या काँग्रेसमध्ये दोन्ही पक्ष उघडपणे फुटले.

गोखल्यांच्या आयुष्यातील 1897 चा प्रसंग येथे नोंदवणे आवश्यक आहे. प्लेगच्या काळात पुण्यात गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी इंग्लंडमध्ये जाहीरपणे सांगितले. परतल्यावर ते सिद्ध करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली आणि त्याबद्दल स्वकीयांचीही कडवट टीका सोसली. ही माफी दुबळेपणाची होती की ‘साच’ या पहिल्या विशेषणाशी इमान राखणारी होती, यावर मते वेगळी राहिली आहेत. सिद्ध न करता आलेले विधान मागे घेणे हा वाणीच्या मिताचाराचाच भाग मानायला हवा. गोपाळ गणेश आगरकरांनी मात्र वेगळीच वाटणी केली. 1888 मध्ये ‘सुधारक’ सुरू करणाऱ्या आगरकरांचे ब्रीद ‘इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार’ असे होते. कृतीला शक्यतेचे माप मान्य, पण बोलण्याला ते लावायचे नाही, असा त्याचा अर्थ होतो.

राहणीच्या मिताचाराला याच शहरात संस्थात्मक रूप आले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या (स्थापना 1884) आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे, असा नियम होता आणि गोखल्यांनी ही वर्षे दरमहा 75 रुपयांच्या वेतनावर काढली. 12 जून 1905 रोजी त्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या सदस्याला सात शपथा घ्याव्या लागत. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही, ही त्यांतील एक, आणि कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही, ही आणखी एक. राहणी आणि बोलणे एकाच शपथपत्रात यावे, हे या विषयाच्या अभ्यासकाला विशेष वाटेल. ही साधेपणाची परंपरा एकाच वर्गाची समजणे मात्र चूक आहे. जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुरोहिताविना, अगदी थोड्या खर्चात पहिला सत्यशोधक विवाह झाला. लग्नापायी कर्जात बुडणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहता खर्चाचे हे माप सुटकेचे साधन होते.

फुल्यांची भाषा मात्र मवाळ नव्हती, आणि मिताचारावरचा सर्वांत वजनदार आक्षेप येथूनच निघतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच सौम्य बोलावे, अशी अपेक्षा बहुतेक वेळा ज्याचे बरे चालले आहे तो करतो. अशा वेळी मितभाषणाचा उपदेश तोंड बंद करण्याचे हत्यार ठरतो. चरकाची पुस्ती इथेही उपयोगी पडते : मात्रा प्रत्येकाची निराळी.

मौन आणि मितभाषण यांची गल्लत नेहमी होते. मौन ठरावीक काळापुरते असते : पौष अमावास्येला मौनी अमावास्या म्हणतात, चातुर्मासात काही जण मौनाने जेवण्याचा नेम धरतात, गांधीजी सोमवारी मौन पाळीत. 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रे लिहिली, त्यांतले अस्वाद व्रत तर मिताहाराच्याही पुढे जाऊन चवीसाठी खाणेच नाकारते. मितभाषण याहून अवघड म्हणायला हवे, कारण त्यात बोलण्याला सुटी नसते आणि प्रत्येक वाक्य नव्याने मोजावे लागते.

पुण्याच्या पेठांमधील पाट्या हा मितभाषणाचा नमुना म्हणून सांगितल्या जातात, तेव्हा चार विशेषणे पुन्हा आठवावीत. ‘फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पाटी मितुली आहे, लिहिणाऱ्याचा निर्धार पाहता साच आहे, आणि ज्याची गाडी तेथे नाही त्याला रसाळही वाटते. मवाळपणाची जागा मात्र तिच्यात रिकामीच असते. तसेच काटकसर आणि कद्रूपणा यांतील रेषेचे आहे. पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असे विचारण्याचा पुणेरी सूर विनोदाचा विषय झाला तो याच रेषेमुळे. मापाने वाढणे आणि वाढायचेच नाही म्हणून माप काढणे या दोहोंत, कप तोच असला तरी, पाहुण्याला फरक कळतो.