कोलोरॅडोतली ती खुर्ची

‘सेकंड लाइफ’सारख्या संगणकावरच्या आभासी जगात उभारलेल्या, विजेचा संशोधक निकोला टेस्लाच्या प्रयोगशाळेत शिरलं की नजर आधी खुर्ची शोधते. साधी लाकडी खुर्ची. तिच्यावर पायावर पाय टाकून निवांत वाचत बसलेला माणूस, आणि त्याच्या डोक्यावर वडाच्या पारंब्यांसारख्या पसरलेल्या विजेच्या ज्वाळा. शंभराहून अधिक वर्षं पुस्तकांतून, पोस्टरांवरून आणि आता मोबाइलवरून फिरणारं हे चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पडद्यावरच्या आपल्या अवताराला त्या खुर्चीत बसवायचं, वीज चालू करायची आणि एक फोटो काढायचा. अशा फेरफटक्याचा कळस बहुधा हाच.

पण त्या खुर्चीत वीज चालू असताना टेस्ला कधी बसलाच नव्हता.

फोटो डिसेंबर १८९९मधला. टेस्लाची प्रयोगशाळा तेव्हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला होती, आणि डिकन्सन ॲली नावाचा छायाचित्रकार तिथे मुद्दाम आला होता. आधी अंधारात यंत्र सुरू करून काचेच्या प्लेटवर नुसत्या ठिणग्या उतरवून घेतल्या. मग यंत्र बंद केलं. टेस्ला खुर्चीत येऊन बसला, आणि त्याच प्लेटवर दिव्याच्या उजेडात दुसऱ्यांदा छबी घेतली. चेहरा आणि बारकावे उठावदार दिसावेत म्हणून शेवटी थोडी फ्लॅशची पूड पेटवली. आज ज्याला आपण फोटोशॉप म्हणून मोकळे होतो, ते काम तेव्हा संयमाने आणि थंडीत कुडकुडत करावं लागायचं. जून १९००मध्ये ‘सेंच्युरी’ मासिकात टेस्लाचा मानवी ऊर्जेवरचा लांबलचक लेख आला, त्यासोबत तिथली छायाचित्रंही छापली गेली. लेख किती जणांनी शेवटपर्यंत वाचला कोण जाणे, चित्रं मात्र सगळ्यांनी पाहिली.

टेस्ला तिथवर कसा पोचला, याची सुरुवात एका आगीपासून होते. १३ मार्च १८९५च्या पहाटे न्यूयॉर्कच्या साउथ फिफ्थ ॲव्हेन्यूवरची त्याची प्रयोगशाळा जळाली. विमा नव्हता. यंत्रं, टिपणं, सगळं गेलं. त्याने ईस्ट ह्यूस्टन स्ट्रीटवर नवी जागा घेतली, पण लवकरच तीही अपुरी पडायला लागली. त्याच्या तारांच्या गुंडाळ्यांतून (कॉइल) निघणाऱ्या ठिणग्या इतक्या लांब जायला लागल्या की भिंती आड येऊ लागल्या. भर शहरात, चार मजली वस्तीत हे प्रकार वाढवण्यात अर्थ नव्हता.

(आपल्याकडे टेस्लाचं नाव निघालं की पाठोपाठ स्वामी विवेकानंद येतातच, म्हणून इथेच सांगून टाकतो. त्यांची ओळख न्यूयॉर्कमधली, १८९६ची. वेदान्तातल्या प्राण आणि आकाश या कल्पना ऐकून टेस्ला भारावला आणि जड वस्तू व शक्ती यांचं नातं गणिताने दाखवता येईल असं त्याला वाटतं, असं विवेकानंदांनी त्या वर्षी फेब्रुवारीत लिहिलेल्या पत्रात आहे. व्हॉट्सॲपवर मात्र हा प्रवास ‘टेस्लाचे सगळे शोध वेदांतून आले’ इथपर्यंत गेला आहे. पत्रात तसं काही नाही.)

कोलोरॅडोचं सुचवलं ते लेनर्ड कर्टिस या पेटंट वकिलाने. जागा आणि तिथल्या वीज कंपनीकडून वीज, दोन्हीची सोय त्याने लावून दिली. हवा कोरडी आणि विरळ, गाव समुद्रसपाटीपासून १८०० मीटरहून उंच, आणि उन्हाळ्यात विजांची वादळं जवळजवळ रोजची. पैसे दिले जॉन जेकब ॲस्टर चौथा या धनाढ्याने, ३०,००० डॉलर. त्याची समजूत अशी की टेस्ला नव्या प्रकारचे दिवे बाजारात आणणार. टेस्लाने ते पैसे घेतले आणि निघाला बिनतारी वीज पाठवायला. (हा ॲस्टर पुढे १९१२मध्ये टायटॅनिक बुडाली त्यात गेला.)

१८ मे १८९९ला टेस्ला कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये उतरला आणि अल्टा व्हिस्टा हॉटेलात २०७ नंबरच्या खोलीत राहिला. तीनने भाग जाणारा आकडा असला की त्याला बरं वाटायचं. आयुष्याच्या शेवटी ‘न्यूयॉर्कर’ हॉटेलात घेतलेल्या खोलीचा नंबर होता ३३२७. करून बघा भागाकार.

गावाबाहेर नॉब हिलवर जोसेफ डोझियर या तिथल्याच सुताराने प्रयोगशाळा उभी केली. सुतारानेच, कारण बांधकाम म्हणजे एक मोठं लाकडी कोठारच होतं. छपराचा काही भाग सरकवून उघडता यायचा. त्यातून वर जाणारा १४२ फूट उंचीपर्यंत चढवता येणारा खांब, टोकाला तांब्याचा पत्रा मढवलेला ३० इंची गोळा. कुंपणावर ‘आत येऊ नका, मोठा धोका’ अशा अर्थाची पाटी.

आत काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण प्रतिकृती करणाऱ्यांची खरी परीक्षा तिथे लागते. खोलीभर एक गोल लाकडी कुंपण, व्यास सुमारे १५ मीटर. त्याच्यावर जाड तारेचे थोडे वेढे, ही पहिली गुंडाळी. त्याच कुंपणावर बारीक तारेची दुसरी गुंडाळी. आणि मधोमध, माणसाच्या डोक्याहून उंच, लाकडी पिंजऱ्यावर गुंडाळलेली तिसरी, तिला टेस्ला ‘जादा गुंडाळी’ म्हणायचा. फोटोतल्या ठिणग्या निघतात त्या हिच्यातून. वीज कंपनीकडून आलेल्या विजेचा दाब (व्होल्टेज) ट्रान्सफॉर्मरने चढवायचा, ती कपॅसिटरमध्ये साठवायची, आणि फिरत्या चाकावरच्या फटीतून ठिणगी पाडून पहिल्या गुंडाळीत सोडायची. झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेला छोटासा धक्का झोका वाढवत नेतो, तसा प्रत्येक धक्का पुढच्या गुंडाळ्यांत दाब वाढवत जातो. लाखो व्होल्टपर्यंत.

आणि हे कपॅसिटर कशाचे? बाटल्यांचे. शेजारच्या मॅनिटूच्या झऱ्यांचं खनिज पाणी काचेच्या बाटल्यांतून विकलं जायचं, त्या बाटल्या आणून मिठाच्या पाण्याने भरलेल्या. आत खारं पाणी, बाहेर खारं पाणी, मध्ये काच, झाला कपॅसिटर. आभासी प्रयोगशाळा कुणी मनापासून बांधली आहे आणि कुणी नुसता देखावा केला आहे, हे ओळखायची माझी खूण या बाटल्या आहेत. चमकणारी गुंडाळी कुणीही लावतो. कोपऱ्यात पेट्यांमध्ये दाटीवाटीने बाटल्या मांडल्या असतील, तर त्या माणसाने टेस्लाची टिपणं वाचली आहेत.

३ जुलै १८९९ला दूर जाणाऱ्या एका वादळाचं मापन करताना टेस्लाला यंत्रावरच्या खुणा कमी होत जाऊन पुन्हा वाढताना दिसल्या. पृथ्वीत विजेच्या स्थिर लहरी उठतात असा अर्थ त्याने लावला, आणि पुढची सगळी स्वप्नं त्यावर रचली. काही सिग्नल मंगळावरून आले असावेत असंही त्याला वाटलं आणि १९०१मध्ये त्याने ते छापूनही टाकलं. गावच्या वीज केंद्राचा जनरेटर त्याने एका प्रयोगात जाळला, ही गोष्टही नेहमी सांगितली जाते. तिला किती तिखटमीठ लागलंय ते ज्याने त्याने ठरवावं.

जानेवारी १९००मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, तो प्रयोगांसाठी कोलोरॅडोला परतलाच नाही. मागे राहिली बिलं. १९०४मध्ये प्रयोगशाळा पाडून लाकूड विकलं गेलं, आणि दोनेक वर्षांनी आतलं सामानही देणी फेडायला लिलावात गेलं. जगातल्या सर्वांत मोठ्या ठिणग्या जिथे पाडल्या, त्या इमारतीचा शेवट असा जुन्या वाड्याच्या फळ्या विकाव्यात तसा झाला. तोवर टेस्ला लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ इथल्या बिनतारी प्रक्षेपणाच्या मनोऱ्यात गुंतला होता. बँकर जे. पी. मॉर्गनचे दीड लाख डॉलर, १८७ फुटी मनोरा, आणि मग पुन्हा तेच. पैसे आटले, आणि १९१७मध्ये मनोराही पाडला. तिथली विटांची इमारत तेवढी वाचली.

म्हणजे कोलोरॅडोची प्रयोगशाळा पुन्हा उभी करायची तर हातात दोनच गोष्टी: फोटो आणि टिपणं. ७ जानेवारी १९४३ला टेस्ला गेल्यावर त्याचे कागद भाचा साव्हा कोसानोविच याच्यामुळे बेलग्रेडला पोचले. १९५२मध्ये तिथे टेस्ला संग्रहालय स्थापन झालं. कोलोरॅडोतली रोजची टिपणं, जून १८९९ ते जानेवारी १९००, छापून आली ती थेट १९७८मध्ये. तोवर लोकांकडे होता तो फोटोंचा थाट. मापं, वेढ्यांची संख्या, फसलेल्या जोडण्या आणि त्या बाटल्या टिपणांमुळे सगळ्यांना कळल्या.

प्रयोगशाळा पुन्हा उभारण्याची हौस संगणकाच्या आधीची आहे. हेन्री फोर्डने एडिसनची न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कची प्रयोगशाळा मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला नेऊन उभी केली. जुने अवशेष गोळा केले, न्यू जर्सीची तांबडी मातीसुद्धा उचलून आणली. २१ ऑक्टोबर १९२९ला, विजेच्या दिव्याला ५० वर्षं झाल्याच्या सोहळ्यात, अध्यक्ष हूव्हर यांच्यासमोर ८२ वर्षांच्या एडिसनने आपला जुना प्रयोग पुन्हा करून दाखवला. सगळं हुबेहूब आहे, फक्त आमची जमीन एवढी स्वच्छ कधी नव्हती, असं तो म्हणाल्याचं सांगतात. त्या रात्री एडिसन ज्या खुर्चीत बसला, ती फोर्डने होती त्या जागी जमिनीला खिळे ठोकून बसवून टाकली. इथेही खुर्चीच. फरक एवढाच की एडिसनला फोर्ड भेटला. त्या वर्षी ७३ वर्षांचा टेस्ला न्यूयॉर्कच्या हॉटेलांत राहत होता आणि त्याच्या प्रयोगशाळेसाठी माती उचलायला कुणी येणार नव्हतं.

आलं ते पुढच्या शतकातलं हौशी पब्लिक, तेही मातीशिवाय. जून २००३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग खुलं केलं. त्यात जिंकायचं-हरायचं काही नव्हतं. जमीन घ्यायची आणि हवं ते बांधायचं. ठोकळा, नळकांडं, गोळा, कडं असे मूळ आकार मिळायचे, ते ताणून, कापून, जोडून घर, झाड, जहाज काहीही करायचं, आणि छोट्या प्रोग्रामने त्यांना हलवायचं. बांधलेल्या गोष्टींवर हक्क बांधणाऱ्याचा. २००६च्या सुमारास तिथे विद्यापीठं आली, रॉयटर्सने बातमीदार बसवला, अंतराळयानांचं एक संग्रहालय हौशी मंडळींनी रॉकेटं उभी करून सजवलं. त्याच सुमाराला ‘कॅलेडॉन’सारख्या वसाहतीही वसल्या. एकोणिसाव्या शतकातला पोशाख, वाफेची यंत्रं, पितळी दुर्बिणी. या मंडळींचा देव टेस्लाच असणार, दुसरा कोण?

अशा जगात ही प्रयोगशाळा बांधायला बसलं की अडचणी अगदी सुताराच्या असतात. सेकंड लाइफमध्ये जमिनीचा एक तुकडा २५६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे कोठार आणि खांब सहज मावतात. पण सुरुवातीची काही वर्षं एका ठोकळ्याची लांबी १० मीटरपलीकडे जात नसे. गुंडाळी १५ मीटरची. मग ती एका कड्यातून करता येत नाही, तुकडे जोडून गोल भरावा लागतो. डोझियरलाही ते कुंपण तुकडे जोडूनच करावं लागलं असणार.

मापांचा दुसरा घोळ जास्त फसवा आहे. तिथे आपण अवताराच्या डोळ्यांनी पाहत नाही, त्याच्या पाठीमागून थोडं वरून पाहतो. खऱ्या मापाची खोली बांधली तर कॅमेरा भिंतीत घुसतो. म्हणून बांधणारे छत उंच करतात, दारं रुंद करतात, त्यात अवतारही बहुतेकांचे सहा-सात फुटी. यात टेस्लाच्या खोलीतली दाटी नाहीशी होते. मूळ कोठारात गुंडाळीच्या कुंपणाने सगळी जागा खाल्ली होती, माणसाने अंग चोरून वावरायचं होतं. आभासी कोठारात लग्नाचा हॉल वाटावा एवढी ऐसपैस जागा असते.

आणि ठिणग्या. प्लेटवर दिसणारं ते विजेचं झाड एका क्षणाचं नाही. यंत्र पुन्हा पुन्हा चालवून पडलेल्या अनेक ठिणग्या एकाच काचेवर साठत गेल्या आहेत. त्या खोलीत उभ्या माणसाला एका वेळी दिसल्या असत्या त्याहून कितीतरी जास्त ठिणग्या फोटोत आहेत. आभासी प्रयोगशाळेत मात्र चमकत्या कणांचा फवारा सोडून तो फोटोच हलता केला जातो: सगळ्या फांद्या एकदम, न थांबता, बहुधा जांभळ्या-निळ्या रंगात. तो रंगही बांधणाऱ्याच्या मनातला, फोटो काळे-पांढरे आहेत. मेघगर्जनेची ध्वनिफीत लावलेली असते, ती नको वाटली तर आवाज कमी करता येतो.

म्हणजे १८९९मध्ये ॲलीने दोनदा प्लेट उघडून जो क्षण रचला, तो सलग, एकाच वेळी घडतो तो फक्त इथे. प्रतिकृती प्रयोगशाळेची कमी आणि त्या फोटोची जास्त आहे. माझी त्याला हरकत नाही. पाटी वाचून कुंपणाच्या आत शिरणारा माणूस जे बघायला आलाय ते त्याला मिळतं. फक्त खुर्चीत बसण्याआधी बाटल्या शोधाव्यात, एवढंच.

टेस्लाने स्वतः यातलं काही लपवलं नव्हतं. ३ जानेवारी १९००च्या टिपणात त्याने हा फोटो कसा घेतला ते लिहून ठेवलं आहे. ठिणग्यांचा आकार कळावा म्हणून माणूस बसवला, त्याचा फोटो घेताना यंत्र अर्थातच चालू नव्हतं. आणि तिथेच हेही लिहिलंय की त्याला स्वतःला ही कल्पना आवडली नव्हती, पण काही लोकांना असले फोटो मजेशीर वाटतात.