मायक्रोसॉफ्ट विंडोजवर जगते? आकडे वेगळंच सांगतात

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात विचारा किंवा एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये, मायक्रोसॉफ्टचा पैसा कशातून येतो याचं उत्तर बहुतेकदा एकच मिळतं: विंडोज. कोल्हापुरातली कितीतरी मुलं आयटीत काय शिकायचं हे अशाच समजुतींवर ठरवतात, म्हणून हे नीट सांगायला हवं.

जून 2025 मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीचं उत्पन्न सुमारे 281.7 अब्ज डॉलर होतं. त्यात विंडोज आणि सरफेससारखी उपकरणं मिळून साधारण 17.3 अब्ज, म्हणजे शंभरातले सहा. एक्सबॉक्सचा गेमिंग धंदासुद्धा याहून मोठा. एकट्या अझुरने, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर आणि साठवणीची जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या क्लाउड सेवेने, 75 अब्जांचा टप्पा ओलांडला.

पण 'मग सगळं अझुरच' हेही चूक. 'मायक्रोसॉफ्ट क्लाउड' म्हणून कंपनी 168.9 अब्जांचा जो आकडा देते, त्यात बरंच काही आहे. शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्याने एक्सेल, आउटलुक, टीम्ससाठी वर्गणी भरली, तर तीही त्यातच धरली जाते. कंपनीच्याच लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या नेटवर्कचा काही भागसुद्धा.

आणि नफ्यात तर अझुरचा विभाग पहिला नाहीच! एक्सेल, आउटलुकवालं ऑफिस आणि लिंक्डइन ज्या विभागात येतात, त्याचा कामकाजातला नफा सुमारे 69.8 अब्ज, अझुरच्या विभागाचा 44.6. क्लाउड वाढवायचा तर डेटा सेंटर, चिप, वीज यांवर सतत पैसा ओतावा लागतो. ऑफिसची आणखी एक वर्गणी विकायला तेवढा खर्च येत नाही.