उर्क: समुद्र गेला, मासेमारी राहिली

ब्रेक्झिटनंतर उत्तर समुद्रातल्या मासेमारीतला डच वाटा घटला, तेव्हा नेदरलँड्स सरकारने बोटी कायमच्या मोडीत काढणाऱ्या मालकांना भरपाई देऊ केली. २०२३ मध्ये एकामागून एक ट्रॉलर भंगारात गेले आणि त्या बातम्यांत उर्कचं नाव सतत येत राहिलं. वीस हजारांहून थोड्या अधिक वस्तीचं हे गाव म्हणजे डच मासेमारीचं मुख्य ठाणं. नकाशात पाहिलं तर मात्र उर्कला समुद्रच नाही. बंदरासमोर आयसेलमीर हे गोड्या पाण्याचं सरोवर आहे आणि पाठीशी बटाट्याकांद्याची शेतं. गावातले मोठे ट्रॉलर हार्लिंगनसारख्या दूरच्या बंदरांत नांगरलेले असतात आणि खलाशी शनिवार-रविवारी गाडीने घरी येतात.

उर्क १९३९ पर्यंत बेट होतं. ते तगलं त्याचं कारण जमिनीत आहे. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वीच्या हिमयुगात स्कँडिनेव्हियाकडून सरकत आलेल्या बर्फाने चिकणमाती आणि गोटे ढकलत आणून इथे एक टेकाड उभं केलं. त्याच बर्फाने आणलेली एक मोठी शिळा आजही गावाच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्यातून डोकं वर काढून असते. तिचं नाव ओमेलेबोमेलेस्टीन. उर्कची बाळं या शिळेतून येतात आणि बाप होडी वल्हवत जाऊन त्यांना घेऊन येतो, असं तिथल्या मुलांना सांगत आले आहेत.

टेकाडाभोवतीची जमीन मात्र मऊ, पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची होती. इ. स. ९६६ मध्ये सम्राट पहिल्या ऑटोने इथला काही भाग कोलोनच्या सेंट पँटालिऑन मठाला दान दिला. उर्कचा हा सर्वात जुना लेखी उल्लेख. त्या काळी आजूबाजूला बराचसा गोड्या पाण्याचा तलाव होता. बाराव्या-तेराव्या शतकांतल्या वादळांनी उत्तरेकडचा अडसर फोडला, खारं पाणी आत घुसलं आणि झाउडरझे हा उथळ, खवळणारा उपसागर तयार झाला. पीटची जमीन त्याने गिळली. शेजारच्या स्खोकलंड बेटावर हीच पाळी आली. लाटांपुढे ते टिकणार नाही म्हणून १८५९ मध्ये सरकारने तिथल्या साडेसहाशेच्या आसपास रहिवाशांना बेट सोडायला लावलं. उर्कची चिकणमाती घट्ट, म्हणून उर्क राहिलं. पण शेतीपुरती जमीन नव्हती. समुद्राकडे वळण्याशिवाय इथल्या माणसांना गत्यंतर नव्हतं.

बेटाची मालकीही हातोहात फिरली. १६६० मध्ये ते ॲम्स्टरडॅम शहराने घेतलं आणि सव्वाशेहून अधिक वर्षं आपल्याकडे ठेवलं. झाउडरझेतून ये-जा करणाऱ्या जहाजांना वाट दाखवणारा दिवा इथे तेवत राहणं त्या व्यापारी शहराच्या हिताचं होतं. आजचं दीपगृह एकोणिसाव्या शतकातलं आहे. पाण्याकाठचं जुनं चर्च १७८६ चं.

बाहेरच्यांनी या लोकांकडे कसं पाहिलं, याची एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. एकाकी बेटावरची माणसं म्हणजे मूळ डच वंशाचा भेसळ न झालेला नमुना, अशी एकोणिसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांची समजूत होती. त्या नादात १८७७ मध्ये उर्कच्या दफनभूमीतून कवट्या उचलून उत्रेख्तला नेल्या गेल्या. गावाने त्या मागितल्या, पाठपुरावा केला, आणि २०१० मध्ये त्या परत येऊन पुन्हा मातीत ठेवल्या गेल्या. सव्वाशे वर्षं ओलांडली तरी ‘ही आमची माणसं आहेत’ हा हक्क गावाने सोडला नाही. उर्क समजून घ्यायचं तर हा हट्ट ध्यानात ठेवायला हवा.

गावाचं नशीब बदललं ते जानेवारी १९१६ च्या महापुरानंतर. झाउडरझेच्या काठचे बंधारे फुटले आणि अभियंते व मंत्री कॉर्नेलिस लेली यांची जुनी योजना ऐरणीवर आली: उपसागराचं तोंड बांधाने बंद करायचं आणि आतला भाग टप्प्याटप्प्याने कोरडा करून शेतीखाली आणायचा. १९१८ मध्ये कायदा झाला. २८ मे १९३२ रोजी सुमारे ३२ किलोमीटर लांबीच्या आफस्लाउटडाइक बांधातली शेवटची फट बुजली. पाणी हळूहळू गोडं झालं. झाउडरझेतल्या कोळ्यांचं पोट ज्यांवर चालायचं ते हेरिंग आणि मांदेलीच्या कुळातले अँचोव्ही तिथून नाहीसे झाले. वाम आणि गोड्या पाण्यातले मासे तेवढे उरले. देशाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेला हा निर्णय चुकीचा होता असं म्हणता येणार नाही, पण त्याची किंमत किनाऱ्यावरच्या मोजक्या गावांनी मोजली. भरपाईचा कायदा १९२५ मध्येच झाला होता. गेलेला धंदा त्याने परत मिळणार नव्हता.

पुढचा टप्पा तर थेट उर्कच्या दारात आला. ३ ऑक्टोबर १९३९ रोजी मुख्य भूमीवरच्या लेमर गावाहून येणारा बांध उर्कला भिडला आणि बेटपण संपलं. १९४२ मध्ये नोर्दओस्तपोल्डर, म्हणजे सुमारे ४८,००० हेक्टरची नवी जमीन, कोरडी झाली. जिथे आजोबांनी जाळी टाकली तिथे नातवंडांना नांगर चालताना दिसला. नव्या शेतजमिनीच्या मधोमध एमेलोर्द हे आखीव शहर उभं राहिलं. त्याच्या सरळ रस्त्यांपुढे उर्कच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या आजही वेगळ्या उठून दिसतात.

मासेमारी मात्र संपली नाही. उर्कचे लोक बांधाच्या आधीपासून उत्तर समुद्रात जात होते आणि आफस्लाउटडाइकमध्ये जहाजांसाठी दारं ठेवलेली होती. मोटारीच्या बोटी आल्या, साठच्या दशकानंतर समुद्रतळ घासत जाणारी जड जाळी आली, आणि आपल्याकडच्या लेपसारखे चपटे मासे, सोल आणि प्लेस, हा मुख्य धंदा झाला. मोठ्या बोटींना दूरचं बंदर सोयीचं, पण मासा लिलावासाठी ट्रकने उर्कलाच यायचा. रविवारी काम बंद ही कट्टर प्रोटेस्टंट शिस्तही टिकली.

समुद्राने घेतलेल्यांचा हिशोब पाण्याकाठी कोरलेला आहे. तिथे १९६८ मध्ये उभारलेल्या स्मारकात वाऱ्यात उभी असलेली एक बाई आहे आणि भोवतीच्या फलकांवर बुडालेल्या तीनशेहून अधिक कोळ्यांची नावं. काही नावं कोवळ्या पोरांची आहेत.

अलीकडचा सर्वात मोठा घाव कायद्याचा. तळातल्या सोलला विजेच्या सौम्य झटक्यांनी वर काढणारी पल्स पद्धत डच बोटींनी मोठा खर्च करून बसवली होती. इंधन बरंच कमी लागायचं आणि तळही कमी खरवडला जायचा. फ्रान्समधल्या लहान मच्छीमारांसह अनेकांनी तिला कडाडून विरोध केला आणि जुलै २०२१ पासून युरोपीय संघात ती बंद झाली. बोटी पुन्हा जड जाळ्यांवर आल्या, २०२२ मध्ये डिझेल भडकलं आणि भरपाई घेऊन बोट मोडणं हाच अनेक घरांना शहाणपणाचा मार्ग वाटला. लिलाव आणि मासे कापण्याचे कारखाने अजून चालू आहेत. त्या कारखान्यांत आता परदेशातूनही मासा येतो, आणि गावातल्या बऱ्याच जणांची रोजीरोटी त्यावर अवलंबून आहे.