गेंटचा ग्राव्हेनस्टेन: ११८० चा कोट आणि १९०७ चा चेहरा

बेल्जियममध्ये ब्रसेल्सहून ट्रेनने अर्ध्या तासात गेंट येतं आणि तिथं जाऊन आलेल्या बहुतेकांच्या फोटोत ग्राव्हेनस्टेन असतोच, खाली पाणी, वर राखाडी दगडाचा तट, त्यावर छोटे छोटे बुरूज आणि शेजारून ट्राम चाललीये. फोटोखाली "१२व्या शतकातला किल्ला" असं लिहिलेलं असतं. तसं ते बरोबरच आहे, पण मधली सातशे वर्षं त्यात गायब होतात, आणि मला तर वाटतं की हा किल्ला आज असा का दिसतो हे कळायला तीच वर्षं जास्त कामाची आहेत.

सुरुवातीचं पटकन सांगतो. फ्लँडर्सच्या, म्हणजे गेंटभोवतालच्या प्रांताच्या, काउंटने (तिथल्या सरंजामी सत्ताधीशाने) ११८० मध्ये आधीच्या बांधकामाच्या जागेवरच हा भुईकोट उभा केला, दरवाज्यावर तसा लॅटिन शिलालेख आहे आणि वर क्रॉसच्या आकाराची खिडकी, धर्मयुद्धावर जाऊन आल्याची खूण म्हणून. दगड टूर्नेच्या खाणीतला, नदीतून होड्यांवर आणलेला. बाहेरच्या शत्रूपेक्षा धाक दाखवायचा होता तो गावातल्याच लोकांना, कारण कापडाच्या धंद्यात गबर झालेले व्यापारी स्वतःची उंच दगडी घरं बांधायला लागले होते आणि मालक कोण हे त्यांना रोज दिसायला हवं होतं.

१४व्या शतकात काउंट मंडळी जवळच्याच जास्त आरामशीर वाड्यात राहायला गेली आणि मागे उरलं कोर्ट आणि तुरुंग. १४०७ पासून १७७८ पर्यंत फ्लँडर्सचं वरिष्ठ न्यायालय इथं बसायचं, म्हणजे राहण्यासाठी जेवढी वर्षं वापरला त्याच्या साधारण दुप्पट काळ ही कोर्टकचेरीची इमारत होती. समोरच्या चौकात सगळ्यांसमोर देहदंड दिला जायचा. आत आज जी छळाची हत्यारं ठेवलीत त्यांचा संबंध या काळाशी आहे, शूरवीरांशी नाही.

मग कोर्ट गेलं, १८व्या शतकाच्या शेवटी जागा विकली गेली, खाजगी मालक आले आणि १९व्या शतकात आत चक्क सूतगिरणी सुरू झाली. गेंट तेव्हा युरोपातल्या मोठ्या गिरणगावांपैकी एक होतं, जागा मिळेल तिथं यंत्रं बसत होती, आणि जाड भिंतींची एवढी मोठी रिकामी इमारत गावाच्या मधोमध कोण सोडेल. तटाला चिकटून घरं उभी राहिली, कामगारांची बिऱ्हाडं आली. त्यामुळं त्या काळात बाहेरून बघणाऱ्याला किल्ला म्हणून फारसं काही दिसतच नव्हतं, दिसायचा तो दरवाजा, बाकी सगळी घरंच घरं.

पुढं गिरणी हलली, इमारत मोडकळीला आली आणि सगळं पाडून जागा मोकळी करावी असाही विचार होता. त्याला नुसता पैशाचा हिशोब कारणीभूत नव्हता, बऱ्याच जणांना ही वास्तू म्हणजे सरंजामी जुलमाची आठवण वाटायची आणि ती ठेवायची कशाला हा प्रश्न अगदी रास्त होता. पण त्याच काळात फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सच्या, लोकांमध्ये मध्ययुगाचा अभिमान जोरात होता, व्यापारी गेंटच्या वैभवाचे पुतळे उभे राहत होते, आणि पालिका आणि सरकारने टप्प्याटप्प्याने जागा विकत घेतली. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट ही वाटते की ज्या नागरिकांना दाबायला कोट बांधला त्यांच्याच वारसांनी तो शहराचा मानबिंदू ठरवला.

वाद खरा इथून पुढे आहे. १८९० च्या दशकात काम सुरू झालं आणि ते काम दुरुस्तीपुरतं थांबलं नाही. चिकटलेली घरं पाडली, गिरणीच्या खुणा पुसल्या, आणि तेव्हाच्या फ्रेंच पद्धतीप्रमाणे मूळ किल्ला जसा असायला हवा होता तसा तो पूर्ण करण्यात आला. म्हणजे पुरावा आहे तिथं पुराव्यावरून आणि नाही तिथं अंदाजावरून. पूर्वेकडच्या भागातल्या खिडक्या आणि काही इमारतींची सपाट छपरं १२व्या शतकात तशी नव्हती असं आता मानलं जातं. बचाव करणारे म्हणतात की हे केलं नसतं तर आज काहीच उरलं नसतं, आणि ते खरंच आहे. पण वाचवायचं ठरल्यावर ११८० हेच एक वर्ष खरं आणि मधली सगळी वर्षं म्हणजे कचरा, हा निर्णय वेगळा होता आणि तो मला अजिबात पटत नाही. कोर्टाच्या काळातल्या निदान कहाण्या तरी उरल्या, गिरणीत राबलेल्या लोकांचं तेवढंही दिसत नाही.

१९०७ मध्ये किल्ला लोकांसाठी उघडला, १९१३ मध्ये गेंटला जागतिक प्रदर्शन भरलं आणि त्याआधीच्या काही वर्षांत अख्खं शहरच असं सजवलं गेलं, मध्यवर्ती भागातली घरं हटवली, नवा पूल आला, घंटाघराचा कळस नव्याने बांधला. आज आपण जे "जुनं गेंट" म्हणून फिरतो त्यातलं बरंचसं त्याच पंधरा-वीस वर्षांतलं आहे.

त्यानंतर किल्ल्यावर "हल्ला" झाला तो १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये, विद्यापीठातल्या शंभरेक पोरांनी बिअरवरच्या कराविरुद्ध आणि पोलिसांच्या नव्या हेल्मेटविरुद्ध तो ताब्यात घेतला, दरवाजा बंद केला आणि वरून पोलिसांवर सडकी फळं फेकली. तो दिवस तिथले विद्यार्थी अजून साजरा करतात.

आणि अलीकडचा वाद म्हणजे लिफ्ट. वर जायला गोल, अरुंद दगडी जिने आहेत, व्हीलचेअरवरच्या माणसाला किंवा गुडघे दुखणाऱ्या आजीला वरचा भाग बघताच येत नाही, म्हणून लिफ्ट आणि नव्या प्रवेश-इमारतीचा प्रस्ताव पुढे आला आणि लगेच मध्ययुगीन वास्तूची विटंबना म्हणून विरोध सुरू झाला. आराखडा कसा असावा यावर भांडा, जरूर भांडा, काचेचा मोठा डबा मलाही तटाला खेटलेला नको आहे. पण मूळ रूप बिघडेल हा मुद्दा जपून वापरायला हवा, कारण ज्या रूपाचं रक्षण चाललंय त्यातला मोठा वाटा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बांधकामाचा आहे आणि तेव्हाही ते त्या काळच्या लोकांच्या गरजेसाठीच केलं होतं. लिफ्ट व्हावी असं मला वाटतं, आणि छळाच्या हत्यारांना जेवढी जागा मिळते तेवढीच इथल्या सूतगिरणीच्या इतिहासालाही मिळावी.