निला फिशर

निला फिशर (जन्म : २ ऑगस्ट १९८४) या स्वीडनच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटू असून मध्यवर्ती बचावपटू म्हणून त्या ओळखल्या जातात. राष्ट्रीय संघाकडून त्यांनी १९४ सामने खेळले आणि २३ गोल केले. बचावपटूच्या नावावर इतके गोल कसे, याचे उत्तर त्यांच्या कारकिर्दीच्या रचनेत आहे : बचावफळीत त्या आल्या तेव्हा वयाची अठ्ठाविशी गाठलेली होती आणि राष्ट्रीय संघात एका तपाचा काळ लोटला होता. त्याआधी त्या मधल्या फळीत खेळत.

दक्षिण स्वीडनमधील स्कोने प्रांतातल्या वेरुम या लहान गावी त्या वाढल्या. तिथल्या स्थानिक क्लबातून आणि परिसरातील संघांतून पुढे येत वयाच्या सोळाव्या वर्षी, २००१ मध्ये, त्यांनी राष्ट्रीय संघात पदार्पण केले. क्लब पातळीवरील त्यांचा पहिला मोठा कालखंड माल्मो येथे गेला. २०१० आणि २०११ अशी सलग दोन वर्षे त्या संघाने स्वीडनच्या सर्वोच्च साखळीचे, म्हणजे डामआल्स्वेन्स्कानचे विजेतेपद मिळवले. त्यानंतर त्या लिंशॉपिंगच्या संघात गेल्या.

२०११ च्या विश्वचषकात स्वीडनने कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेतील अमेरिकेविरुद्धचा साखळी सामना ६ जुलै रोजी जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे झाला. फिशर यांनी मारलेली फ्री किक एका अमेरिकन खेळाडूला लागून जाळ्यात गेली आणि स्वीडनने २-१ असा विजय मिळवला. विश्वचषकाच्या साखळी फेरीत अमेरिकेचा तो पहिलाच पराभव होता. त्या दिवशी अमेरिकेच्या प्रशिक्षक होत्या पिया सुंडहागे, स्वतः स्वीडिश. पुढच्याच वर्षी सुंडहागे मायदेशाच्या संघाकडे आल्या आणि फिशर यांना मधल्या फळीतून मागे आणून मध्यवर्ती बचावपटूची जागा देण्याचा निर्णय त्यांचाच.

हा बदल २०१३ मध्ये स्वीडनमध्येच झालेल्या युरोपीय स्पर्धेत सर्वांच्या नजरेत भरला. डेन्मार्कविरुद्धच्या १-१ अशा बरोबरीत स्वीडनचा एकमेव गोल फिशर यांचा होता, आणि फिनलंडवरील ५-० या विजयात त्यांनी आणखी दोन गोल केले. उपांत्य फेरीत जर्मनीने यजमानांना एका गोलने हरवले खरे, पण बचावपटू म्हणून फिशर यांची किंमत तोवर युरोपातील क्लबांना कळून चुकली होती. चेंडू नुसता बाहेर फटकावून मोकळे होण्याऐवजी तो पायाशी घेऊन पुढचा पास शोधणे, आक्रमणाची दिशा आधीच ओळखून जागा धरणे ही मधल्या फळीत कमावलेली सवय त्यांच्या बचावात उतरली होती. उंच चेंडूवर डोके घालण्याची ताकद मात्र मुळातली. कॉर्नरच्या वेळी त्या प्रतिस्पर्ध्यांच्या गोलसमोर दिसत, ते याच ताकदीच्या भरवशावर.

त्याच उन्हाळ्यात त्या वोल्फ्सबुर्ग क्लबात दाखल झाल्या आणि २०१९ पर्यंत तेथेच राहिल्या. क्लब कारकिर्दीचा हा सर्वांत संपन्न काळ होता. पहिल्याच हंगामात, २२ मे २०१४ रोजी लिस्बन येथे झालेल्या चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वोल्फ्सबुर्गची गाठ ट्युरेसो या स्वीडिश क्लबाशी पडली. दोन गोलांनी मागे पडूनही वोल्फ्सबुर्गने ४-३ असा विजय मिळवला. पुढे बुंडेसलिगा या जर्मनीच्या सर्वोच्च साखळीची चार विजेतेपदे आणि २०१५ ते २०१९ या काळात सलग पाच जर्मन चषक त्यांच्या संघाने जिंकले. २०१६ आणि २०१८ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यांत मात्र लिऑं या फ्रेंच क्लबाने वोल्फ्सबुर्गला हरवले. कर्णधार म्हणून फिशर दंडावर इंद्रधनुषी पट्टी बांधत. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयी त्या नेहमीच उघडपणे बोलत आल्या आहेत. २०१८ मध्ये क्लबाने ती पट्टी पुरुष संघासह आपल्या सर्व संघांच्या कर्णधारांसाठी लागू केली. एका खेळाडूच्या आग्रहातून क्लबाचे धोरण बदलावे, असे क्वचितच घडते.

राष्ट्रीय संघासोबत त्यांनी २००८, २०१२ आणि २०१६ ही तीन ऑलिंपिक खेळली. २०१६ मध्ये रिओ येथे अमेरिका आणि ब्राझील यांना पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून स्वीडन अंतिम फेरीत पोहोचला आणि जर्मनीकडून १-२ असा हरून रौप्यपदकाचा मानकरी ठरला. २०१९ चा फ्रान्समधील विश्वचषक हा त्यांचा चौथा. नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यांचा जवळून मारलेला फटका गोलरक्षक व्हान वेनेन्डालच्या हाताला लागून खांबावर आदळला, आणि जादा वेळेत स्वीडन हरला. तिसऱ्या क्रमांकासाठी ६ जुलैला नीस येथे इंग्लंडशी सामना झाला, तेव्हा स्वीडन २-१ ने पुढे असताना अखेरच्या मिनिटांत लुसी ब्रॉन्झचा जोरदार फटका फिशर यांनी गोलरेषेवरून डोक्याने परतवला. कांस्यपदक त्या एका हेडरवर टिकले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

त्या वर्षी त्या लिंशॉपिंगला परतल्या. २०२१ मध्ये त्यांनी राष्ट्रीय संघातून, तर २०२२ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधून निवृत्ती घेतली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी २०११ च्या विश्वचषकाच्या वेळची एक घटना उघड केली : स्त्री असल्याची खात्री पटवण्यासाठी स्वीडिश खेळाडूंना वैद्यकीय तपासणीत गुप्तांग दाखवावे लागले होते. त्या स्पर्धेपूर्वी इक्वेटोरियल गिनीच्या संघात पुरुष खेळत असल्याचे आरोप झाले होते आणि फिफाने खेळाडूंच्या लिंगाची खातरजमा करण्याची जबाबदारी राष्ट्रीय संघटनांवर टाकली होती. ही तपासणी अपमानास्पद वाटली तरी स्पर्धेत खेळण्याची संधी जाऊ नये म्हणून आपण ती मान्य केली, असे फिशर यांनी नमूद केले आहे.