ॲरे, लिस्ट की स्ट्रक्चर (वेब प्रोग्रामिंग)

एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या नाव दिलेल्या जागेत, अनेक गोष्टी ठेवायचे हे तीन प्रकार. या तीन नावांनी ते एकत्र भेटतात ते मुख्यतः कोल्डफ्यूजनमध्ये, म्हणजे १९९५ साली अलेअर बंधूंनी आणलेल्या आणि आता अडोबीकडे असलेल्या वेब प्लॅटफॉर्ममध्ये. जावास्क्रिप्ट, पीएचपी या वेबच्या दुसऱ्या भाषांत नावं बदलतात, प्रश्न तोच राहतो. कुठला घ्यायचा हे डेटा किती आहे त्यापेक्षा तो पुढे कसा मागणार आहात यावर ठरतं.

समजा हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावाचं पेज करायचंय. होड्या ज्या क्रमाने लागल्या त्याच क्रमाने दाखवायच्या तर ॲरे, कारण तिथे वस्तू नंबराने मिळते. कोल्डफ्यूजनमध्ये मोजणी १ पासून, जावास्क्रिप्ट-पीएचपीत ० पासून, त्यामुळे दोन्हीकडे काम करणाऱ्याची पहिली नाहीतर शेवटची होडी कधीतरी गळतेच. पण सुरमईचा आजचा भाव काय असं विचारायचं असेल तर स्ट्रक्चर, तिथे 'सुरमई' ही की, म्हणजे शोधायचं नाव, दिलं की भाव थेट हातात, सगळी यादी चाळायला नको. खऱ्या कामात बहुतेक वेळा दोन्ही लागतात, ॲरे बाहेर आणि आत प्रत्येक होडीचं एक स्ट्रक्चर. जेसनमध्ये, म्हणजे डेटा मजकुराच्या रूपात लिहायच्या पद्धतीत, हेच चौकोनी कंसात महिरपी कंस असं दिसतं.

लिस्टबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण नवीन माणूस हमखास तिथेच फसतो. कोल्डफ्यूजनची लिस्ट ही वेगळी वस्तूच नाही, ती स्वल्पविराम घातलेली साधी स्ट्रिंग, म्हणजे सलग मजकूर. देवगडच्या हापूसची ऑर्डर नाव, गाव, ईमेल, डझन अशी लिस्टमध्ये ठेवली आणि काकूंना ईमेलच नाही, तर 'परबकाकू,वेंगुर्ला,,५' अशी स्ट्रिंग होते. आता लांबी विचारा, उत्तर ४ नाही, ३ येतं, कारण रिकामा घटक मोजलाच जात नाही. पाच डझन सरकून ईमेलच्या जागी बसतात आणि चौथा घटक मागितला की एरर. गावाऐवजी पूर्ण पत्ता घेतलात तर आणखी पंचाईत, 'मु. पो. आचरा, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग' हा एक पत्ता लिस्टच्या हिशेबाने तीन वस्तू होतो, आणि आपल्याकडे स्वल्पविरामाशिवाय पत्ता लिहितो कोण! डिलिमिटर, म्हणजे घटक वेगळे करणारं चिन्ह, बदलून उभी रेघ वापरता येते, पण रिकाम्या घटकाचं दुखणं तसंच राहतं. शिवाय दरवेळी स्ट्रिंग सुरुवातीपासून वाचावी लागते, त्यामुळे मोठ्या लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करताना, ती हळू पडते. चेकबॉक्समधून आलेले आयडी डेटाबेसच्या क्वेरीला द्यायचे, एवढ्या कामाला लिस्ट चांगली, त्यापुढे नको.

पीएचपीत एकच ॲरे दोन्ही कामं करतो, नंबरही चालतो आणि नावाची कीही.

अडोबीच्या कोल्डफ्यूजनमध्ये एरवी फंक्शनला ॲरे दिला की त्याची कॉपी जाते, स्ट्रक्चर दिलं तर मूळ वस्तूच जाते, म्हणजे आत भाव बदलला की बाहेरही बदलतो. साध्या स्ट्रक्चरमध्ये क्रमाचीही खात्री नसते. जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टचं, म्हणजे तिथल्या स्ट्रक्चरचं, तर वेगळंच, होमस्टेच्या खोल्या ३, १, २ अशा नंबरांच्या कीने भरल्या तरी बाहेर येताना १, २, ३ येतात. भरलेला क्रम टिकवायचा असेल तर जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून आलेला मॅप हा प्रकार वापरायचा.